उसने काळेपण

एका राज्यात, ज्याचे नाव जुन्या माणसांनी घेणे सोडले आणि नव्या माणसांना ते कधी कळलेच नाही, केसांचा काळा रंग राजमुकुटाहून मोठा मानीत असत. त्या राज्याच्या मूळपुरुषाचे केस इतके काळे होते की, तो उन्हात उघड्या डोक्याने उभा राहिला, तर सांज झाली असे समजून कोंबड्या खुराड्यात शिरत. तेव्हापासून तेथे एक म्हण रूढ झाली : ज्याचा केस पक्का, त्याचा शब्द पक्का. पिंगट केसांच्या माणसाला लोक 'कच्च्या रंगाचा' म्हणत. त्याला साक्षीला बोलावीत नसत, त्याच्या हातचा विडा घेत नसत आणि त्याच्या घरी मुलगी देत नसत. असे का, हे कोणी विचारीत नसे.

त्या राज्याचा आणखी एक रिवाज होता. फार पूर्वी एका तोतयाने कपाळावर रंगाने राजघराण्याची खूण काढून सिंहासन बळकावले होते. त्याला हाकलून दिल्यावर प्रजेने नियम केला : यापुढे अभिषेक महालात होणार नाही, उघड्या मैदानात होईल. प्रत्येक गाव आपल्या विहिरीची एक घागर आणील आणि आपल्या हाताने वारसाच्या मस्तकावर ओतील. लावलेले, माखलेले, चिकटवलेले जे काही असेल, ते वाहून जाऊ द्यावे. उरेल तो राजा. मग जुन्या राजाने, तो हयात नसल्यास घरातील वडीलधाऱ्याने, त्या धुतलेल्या वारसाकडे आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि एवढेच म्हणावे, "हा माझा."

राजा विश्वंभराला एकच अपत्य होते, राजकन्या उत्पला. तिची आई तिला जन्म देऊनच निवर्तली होती. उत्पला बुद्धीने तल्लख होती, वाणीने स्वच्छ होती, आणि घोड्यावर बसली की वाऱ्याला मागे टाकीत असे. परंतु तिचे केस पिंगट होते. सावलीत ते जुन्या सागवानासारखे दिसत, आणि उन्हात आले की नव्या गुळाच्या ढेपेसारखे उजळत.

ते उजळतात ही आनंदाची गोष्ट आहे, असे तिला लहानपणी वाटत असे. एकदा संक्रांतीच्या दिवशी ती अंगणात खेळत होती. हळदीकुंकवाला सरदारांच्या स्त्रिया जमल्या होत्या आणि राजा ओसरीवर बसला होता. राजाची बहीण, म्हणजे तिच्या आत्यासाहेब, तिळगूळ वाटता वाटता थांबल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "दादा, पोरीला पावसाळाभर अंगणातच ठेवली होतीस की काय? हिच्या डोक्यावर गंज चढला आहे!"

सगळ्याजणी हसल्या. उत्पलाने वडिलांकडे पाहिले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दाई तुंगा लोखंडाची कढई घेऊन आली. तीत आवळकाठी आणि माका रात्रभर भिजलेला होता. तुंगाने एक शब्दही न बोलता तो काळा लेप तिच्या केसांना चोपडला, आणि उत्पलानेही विचारले नाही. त्या दिवसापासून दर आठवड्याला कढई येऊ लागली. उश्यांचे अभ्रे काळे होत आणि गुपचूप जाळले जात. पाऊस आला की राजकन्या छपराखाली पळे. लोक म्हणत, "केवढी नाजूक!" तिला मात्र ठाऊक होते की, ती नाजूक नाही, ती खोटी आहे.

अशी वर्षे गेली. राजा थकला. एके दिवशी त्याने दरबारात सांगितले, "येत्या पाडव्याला उत्पलाचा अभिषेक होईल."

दरबाराने जयजयकार केला. उत्पलाला मात्र घागरींचा आवाज ऐकू आला. एका गावामागून दुसरे गाव पाणी ओतीत आहे, आणि तिच्या गालांवरून काळे ओघळ वाहत आहेत. सारे मैदान हसत आहे आणि तिच्या वडिलांची, आबासाहेबांची, मान खाली गेली आहे. मैदानाचे हसणे तिने सोसले असते. ती खाली गेलेली मान तिला सोसवणार नव्हती.

राज्याच्या दक्षिणेस एक डोंगर होता. त्या डोंगराला सावली नव्हती, कारण ती मषीनाथ नावाच्या मांत्रिकाने गोळा करून आपल्या गुहेत ठेवली होती. उत्पला तोंडावर पदर घेऊन एकटीच तेथे गेली. मषीनाथ पणतीवर मातीचे परळ उपडे धरून काजळी जमवीत बसला होता.

"कोण आहे?" त्याने वर न पाहता विचारले.

"एक गरजू, नाथबाबा."

"गरजू माणसाच्या पायांत जरीची मोजडी नसते. राजकन्ये, काय हवे?"

"पाण्याने न उतरणारा काळा रंग."

"तीन वस्तू आण. जिवंत डोमकावळ्याचे पीस. पिकत्या शेतातील मूठभर काळी माती. आणि ज्याला तू जिवाहून प्रिय आहेस, त्याच्या डोळ्यांतले पाणी टिपलेला रुमाल. चोरलेले चालणार नाही. देणाऱ्याने संतोषाने दिले पाहिजे."

उत्पला निघाली. वाटेवरच्या एका वठलेल्या बाभळीवर एक डोमकावळा बसला होता. त्या राज्यातले पक्षी बोलत असत, आणि कावळे जरा अधिकच बोलत असत.

"कावळेदादा, मला एक पीस द्याल का?"

"पीस? कशाला?"

ती गोंधळली. "कान कोरायला," ती म्हणाली.

"बायकांचे कान नेहमी दुखतात, ऐकावे लागते ना!" कावळा खो खो हसला. मग त्याने पंख पसरून आपल्या पिसांकडे निरखून पाहिले. उत्पलाला वाटले, तो एखादे मोडके पीस टाकील. त्याने मात्र सर्वांत तुळतुळीत पीस चोचीने उपटले आणि तिच्या पुढ्यात ठेवले. "हे घे. द्यायचेच, तर चांगले द्यावे."

पुढे एक शिवार लागले. शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, पोटरीत आला होता; कणसे अजून बाहेर पडायची होती. कोंडाबाई नावाची एक म्हातारी बांधावर उकिडवी बसून भाकरी खात होती. उत्पलाने तिच्याकडे मूठभर माती मागितली.

"माती?" कोंडाबाईने तिच्या झाकलेल्या तोंडाकडे पाहिले आणि तिचा चेहरा निवळला. "सासरी चाललीस व्हय? म्या बी नेली व्हती माहेरची माती, पदराला बांधून. ने, बाई, ने. ही काळी आई हाय. पाऊस गेला तरी पोटात वल धरून ठेवती, लेकरागत." तिने स्वतः वाकून ओलसर माती उकरली आणि आपल्या लुगड्याची चिंधी फाडून त्यात बांधून दिली. अर्धी भाकरीही दिली. ती भाकरी उत्पलाला गिळता गिळवेना.

तिसरी वस्तू घरीच होती. ती वडिलांच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "आबासाहेब, मी गादीवर बसेन तेव्हा तुमचे नाव राखीन." राजाचे डोळे भरून आले. तिने आपल्या रुमालाने ते टिपले. "माझी गुणाची पोर," राजा म्हणाला. रुमाल तिच्या मुठीत निखाऱ्यासारखा भाजला, तरी तिने तो सोडला नाही.

मषीनाथाने तिन्ही वस्तू पणतीवर धरल्या. माती जळत नाही, पण ती जळली. परळावर काजळी जमली. मग तो म्हणाला, "रंग लावण्यापूर्वी तुला एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. विचारशील त्याचे मी खरे उत्तर देईन. हा माझ्या विद्येचा नियम आहे."

प्रश्न कोणता, हे उत्पलाला चांगले ठाऊक होते. तो तिच्या जिभेच्या टोकावर उभा होता : हा काळा रंग येतो कोठून? तिने तो प्रश्न गिळला.

"मला काही विचारायचे नाही," ती म्हणाली.

मषीनाथ हसला नाही. "कोणीच विचारीत नाही," असे म्हणून त्याने तिच्या केसांना काजळी लावली.

राजकन्येचे केस काळे झाले. तिने ते झऱ्यात धुतले, वाळूने घासले, रिठ्याने चोळले. पाणी स्वच्छच राहिले. ती महालात परतली आणि आयुष्यात पहिल्यांदा उघड्या डोक्याने सौधावर उभी राहिली. आत्यासाहेब म्हणाल्या, "बाई, बाई! केस म्हणावे की अमावास्या!" तुंगाने मात्र तिच्याकडे पाहिले, रिकामी कढई उचलली आणि ती निघून गेली.

राजाची प्रकृती ठीक नसल्याने न्यायासनावर उत्पलाच बसत असे. काही दिवसांनी दरबाराच्या खिडकीतून एक पांढराशुभ्र पक्षी आत आला आणि तिच्यासमोरच्या कठड्यावर बसला.

"हंस आला, हंस!" भालदार म्हणाला.

"हंस तुझा बाप," पक्षी म्हणाला. आवाजावरून सर्वांनी ओळखले की, तो डोमकावळा आहे. दरबार हसून लोटपोट झाला.

"हसा," कावळा म्हणाला. "माझी बायको मला घरट्यात घेत नाही. म्हणते, परपुरुषाने इकडे फिरकू नये. बगळ्यांनी मला थव्यात घेतले, पण मला मासे धरता येत नाहीत आणि एका पायावर उभे राहता येत नाही. श्राद्धाचा पिंड शिवायला गेलो, तर लोक म्हणाले, हा कावळा नव्हे, पितर उपाशी राहतील. राजकन्ये, मला न्याय हवा. माझा काळा कोणी नेला?"

दरबारातले हसू विरले. सर्वजण न्यायासनाकडे पाहू लागले. उत्पलाच्या पाठीवर तिचे काळे केस दगडासारखे जड झाले.

"तुमचा कोणावर संशय आहे?" तिने विचारले.

"संशय घ्यायला मी चेहरा पाहिला नाही. एका मुलीला पीस दिले होते. तिच्या तोंडावर पदर होता. पोर भली वाटली."

भली. तो शब्द ऐकून तिला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. ती म्हणाली, "तपास होईल."

"तपास!" कावळा म्हणाला. "म्हणजे काहीच होणार नाही." आणि तो उडून गेला.

मग शिवारांतून माणसे आली. त्यांच्या पुढे कोंडाबाई होती. तिने दरबाराच्या फरशीवर एक ओंजळ रिकामी केली. ती राखेसारखी पांढुरकी, कोरडी माती होती. "सारं शिवार असं झालंया," ती म्हणाली. "शाळूला पावसाचं पाणी लागत न्हाई, राजकन्ये, मातीतली वल लागती. काळी गेली, तशी वल गेली. कणसं भरायच्या आत वाळली. ह्या मातीला सांगावं तरी कुणी, की तुझा काळा कुणी नेला?"

"तपास होईल," उत्पला म्हणाली. दुसऱ्यांदा हे शब्द उच्चारणे पहिल्यापेक्षा सोपे गेले, आणि याचीच तिला अधिक लाज वाटली.

ती दरबारातून उठून, बऱ्याच दिवसांनी, थेट वडिलांच्या दालनात गेली. राजा खिडकीपाशी बसला होता. त्याने पावलांच्या दिशेने तोंड वळवले. त्याच्या डोळ्यांतल्या काळ्या बाहुल्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"कोण? उत्पला का?" तो म्हणाला. "दिवस आहे ना ग अजून?"

भर दुपार होती.

तिने घोड्यावर मांड ठोकली आणि ती डोंगराकडे निघाली. या खेपेस तिने पदर घेतला नाही. मषीनाथ तसाच परळ धरून बसला होता.

"माझे परत घ्या," ती म्हणाली.

"तुझे काय आहे त्यात, परत घ्यायला?" मषीनाथ म्हणाला. "ऐक. त्या दिवशी तू एक प्रश्न गिळलास. आता तीन उत्तरे द्यावी लागतील. ज्याचे ज्याचे नेलेस, त्याने तुला विचारले पाहिजे : माझा काळा कोणी नेला? आणि तू चारचौघांत, उघड्या डोक्याने, खरे सांगितले पाहिजेस. न विचारता सांगितलेस, तर तो नुसता वारा. जेवढी उत्तरे, तेवढा काळा केसांतून सुटून ज्याचा त्याला जाईल."

दुसऱ्या दिवशी उत्पला न्यायासनावर बसली नाही; आरोपी जेथे उभे राहतात, तेथे जाऊन उभी राहिली. कावळ्याला बोलावणे गेले. तो आला, पण तोंड फिरवून बसला.

"तपास पूर्ण झाला आहे," ती म्हणाली. "मला पुन्हा विचारा."

"विचारून विचारून घसा बसला. बरे, विचारतो. माझा काळा कोणी नेला?"

"मी नेला." ती कावळ्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "कान कोरायला नव्हे. माझे केस पिंगट आहेत, ते लपवण्यासाठी. तुम्ही चांगले पीस निवडून दिलेत. ते मोडके दिले असतेत, तर मला इतकी लाज वाटली नसती."

तिच्या डाव्या बाजूचे केस झर्रकन पिंगट झाले आणि कावळा चोचीपासून शेपटीपर्यंत काळा झाला. त्याने एक पंख उघडून पाहिला, दुसरा पाहिला. सरदार एकमेकांच्या कानांशी लागले. आत्यासाहेब उठून आत निघून गेल्या.

"मोडके कसे देणार?" कावळा पुटपुटला. "मला तेव्हा तुझा कान खरोखरच दुखतो आहे, असे वाटले होते." तो रागावला असता, तर तिला बरे वाटले असते.

मग ती पायी कोंडाबाईच्या शिवारात गेली. सारा गाव वाळलेल्या शाळूत उभा होता. अर्ध्या पिंगट, अर्ध्या काळ्या केसांची राजकन्या पाहून मुले पाठीमागे धावली. कोंडाबाई बांधावरच होती.

"विचारा, आजी," उत्पला म्हणाली.

म्हातारीने तिला न्याहाळले. तिला तो आवाज आठवला असावा, कारण तिचे ओठ घट्ट मिटले. मग ती म्हणाली, "आमच्या मातीचा काळा कुणी नेला?"

"मी. सासरी चालले नव्हते. तुम्ही समजलात, आणि मी तुम्हांला समजू दिले."

उजव्या बाजूचे केस पिंगट झाले. पायांखालची भुई काळीभोर झाली आणि मातीला वास आला. पण वाळलेला शाळू वाळलेलाच राहिला. कोंडाबाईने एक रिकामे कणीस खुडले, तिच्या हातात दिले आणि पाठ फिरवली. एवढेच झाले. कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. उत्पला ते कणीस घेऊन परतीच्या वाटेने चालत राहिली, आणि वाटेत भेटणाऱ्या कोणाकडेही तिला मान वर करून पाहता आले नाही.

आता माथ्यावरची एक बट तेवढी काळी राहिली होती.

राजा दालनात पागोटे घालून बसला होता. तो कधीही पागोट्याविना दिसत नसे. त्याच्या वडिलांच्या निधनाच्या वेळी त्याने मुंडन केले होते आणि पुढेही ते व्रत म्हणून चालू ठेवले होते, असे राज्यात सर्वांना माहीत होते.

"आबासाहेब, मला विचारा."

"काय विचारू?"

"तुमच्या डोळ्यांतला काळा कोणी नेला?"

राजाने तोंड खिडकीकडे वळवले. मग म्हणाला, "मला ठाऊक आहे. दरबारात काय घडले ते मला कळले. मी विचारणार नाही."

"का?"

"मी विचारले, तर तू सांगशील. तू सांगितलेस, की ती एक बटही जाईल. तेवढी बट राहिली, तर ती पुढे घेऊन पदराखाली बाकीचे झाकता येईल. लोक विसरतात. मला न दिसले तरी चालेल."

"आबासाहेब," तिने विचारले, "त्या संक्रांतीला तुम्ही मान का खाली घातलीत?"

राजाचा हात पागोट्याकडे गेला. "तुला वाटले, मला तुझी लाज वाटली."

"होय."

"तो गंज माझा होता, उत्पला. व्रत वगैरे काही नव्हते. रोज पहाटे मी दार लावून स्वतःच्या हाताने वस्तरा फिरवीत आलो. न्हाव्यालाही कधी डोके दिसू दिले नाही. आणि तुझी आत्या, जी सर्वांत मोठ्याने बोलली, तिच्याही केसांना आवळकाठीच लागते. त्या दिवशी मी म्हणू शकलो असतो की, पोर माझ्यावर गेली आहे. एवढेच वाक्य होते. माझ्या तोंडून ते निघाले नाही. मला वस्तरा तरी होता; तुला तोही नव्हता. म्हणून तुंगाला पाठवले."

उत्पला त्याच्या गुडघ्यांवर डोके ठेवून रडली. राजाने तिच्या केसांवरून हात फिरवला. पण प्रश्न विचारला नाही.

पाडवा उजाडला. मैदानावर गावोगावच्या घागरी आल्या. उत्पला चौरंगावर बसली. एकामागून एक गाव पुढे आले आणि पाणी ओतू लागले. कोणी हळू ओतले, कोणी मुद्दाम जोराने ओतले. एका पाटलाने तर बट चोळून पाहिली, पिंगट केसही चोळून पाहिले, आणि आपला तळहात सर्वांना दाखवला. तळहात स्वच्छ होता. "रंग जात नाही हो!" तो आश्चर्याने म्हणाला. "हा पिंगट पक्का आहे!"

घागरी संपल्या. आता जुन्या राजाने पाहून "ही माझी" म्हणायचे होते. राजा आसनावर बसला होता, आणि त्याचे पांढरे डोळे भलतीकडेच लागले होते. मैदानात कुजबूज झाली. ज्याला दिसत नाही, तो साक्ष कशी देणार?

उत्पला चौरंगावरून उतरली. "माझ्या वडिलांचे डोळे माझ्या केसांत आहेत," ती मोठ्याने म्हणाली. "ते परत गेल्यावाचून मी गादीवर बसणार नाही."

"अग, राहू दे की एक बट!" आत्यासाहेब दबक्या आवाजात म्हणाल्या. "कोणाचे काय बिघडते आहे?"

"माजं बिघडलं व्हतं!" गर्दीतून आवाज आला. कोंडाबाई आपली रिकामी घागर कमरेवर घेऊन पुढे आली. "राजा, इचार की! कावळ्यानं इचारलं, म्या इचारलं. पोरगी सारा मुलूख चालून सांगत सुटलीया. तुजंच तोंड का शिवलंया?"

"बाई, सांभाळून बोला," भालदार म्हणाला.

"बोलू दे तिला," राजा म्हणाला.

तो उठला. त्याचे हात चाचपडत डोक्याकडे गेले. डोळे गेल्यापासून त्याला वस्तरा धरता आला नव्हता, आणि दुसऱ्या कोणाला तो धरू देणे त्याला शक्य नव्हते. त्याने पागोटे उतरवले. सारे मैदान पाहत राहिले. राजाच्या डोक्यावर बोटभर वाढलेले केस होते. कानांपाशी पांढरे, आणि बाकी सगळे पिंगट. वरून ऊन पडले आणि ते उजळले.

पागोटे कोठे ठेवावे, हे त्याला दिसत नव्हते. ते त्याने तसेच जमिनीवर सोडले.

"ही माझ्यावर गेली आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. "हे मी फार उशिरा सांगतो आहे. उत्पला, माझ्या डोळ्यांतला काळा कोणी नेला?"

"मी नेला, आबासाहेब. तुमची मान खाली जाऊ नये म्हणून नेला. कोठून येतो, हे विचारायचे होते. मी विचारले नाही."

शेवटची बट पिंगट झाली. राजाच्या डोळ्यांत काळ्या बाहुल्या परत आल्या. त्याने भिजलेल्या, थरथरत्या मुलीला पायांपासून माथ्यापर्यंत पाहिले आणि म्हटले, "ही माझी."

तेव्हा नगारे वाजले. त्याच क्षणी दक्षिणेच्या डोंगराची सावली पुन्हा पडली. मषीनाथाची गुहा रिकामी झाली. त्याने परळ फोडले आणि तो कोठे गेला, ते कोणालाही माहीत नाही.

उत्पला राणी झाली. पहिल्याच दरबारात निम्मे सरदार केसांना कात फासून पिंगट होऊन आले. तिची मान शरमेने खाली गेली. "हे पाहण्यासाठी मी एवढे सांगितले नव्हते," ती म्हणाली. "घरी जा, डोकी धुवा, आणि ज्याचा जो रंग, तो घेऊन या." आत्यासाहेबही डोके धुऊन आल्या. त्या जरा मागच्या बाजूला बसल्या, पण आल्या. पिंगट माणसाला साक्षीला बोलावू नये, हा दंडक त्या दिवशी मोडला.

ज्या शिवारांचा हंगाम बुडाला होता, त्यांच्यासाठी राणीने राजकोठार उघडले आणि ती स्वतः सूप घेऊन धान्य घालू लागली. कोंडाबाईची पाळी आली, तेव्हा तिचे हात थांबले.

"आजी, हे धान्य आहे," ती म्हणाली. "तुमचा हंगाम नाही. तो मला परत देता येत नाही. तुम्ही भाकरी दिलीत, आणि मी..."

"न्हाईच देता येत," कोंडाबाई म्हणाली. तिने पोत्याचे तोंड आवळले आणि गाठ मारली. मग राणीच्या कपाळावर आलेली पिंगट बट आपल्या मातकट बोटाने मागे सारली. "ह्या केसांची लाज वाटत व्हती नव्हं तुला? ती टाक, पोरी, ती तुजी नव्हतीच. ह्यी दुसरी, आता वाटती ती, ठेव. ती तुजी हाय. राज्य कराया कामाला यील."

राणीने ती ठेवली. पुढे तिच्यासमोर तलम वस्त्र येवो, मध येवो, की विजयाची वार्ता येवो, ती स्वीकारण्याआधी विचारी, "हे आले कोठून?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबून राही.

काळे काळ्याला पोचले, पिंगट पिंगटाला मिळाले. ज्याचे होते त्याला देऊन ही कथा रिकाम्या हातांनी येथे थांबली. ऐकणाऱ्याच्या पदरी काही उसने राहिले असेल, तर त्यानेही ते पोचते करावे.